हात बघायला शिकवावं का? आणि शिकवायचं तर नेमकं काय?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल थोडा, सांभाळून घ्या.

मी सांगलीची. बँकेत बावीस वर्षं नोकरी केली, आधी कॅशला, मग कर्जविभागात, आणि २०१९ ला स्वेच्छानिवृत्ती घेतली. हात बघायला मी २००४ पासून शिकतेय, आमच्याच गल्लीतल्या एका गुरुजींकडे. गुरुजी हायस्कूलला ड्रॉइंग मास्तर होते त्यामुळे त्यांचं सगळं रेघेपासून सुरू व्हायचं. पहिलं वर्षभर त्यांनी मला एक भाकीत शिकवलं नाही. नुसते ठसे घ्यायचे. सायक्लोस्टाइलची शाई, काचेचा तुकडा, रबरी रोलर. तळव्याचा मधला खोलगट भाग कागदावर उठत नाही म्हणून कागदाखाली कापसाची छोटी गादी. शंभर हात झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असा नियम. मला शंभराला दीड वर्ष लागलं. त्या वह्या अजून कपाटात आहेत.

पहिल्या दिवशी मात्र त्यांनी माझा हात पाहिला होता आणि एकच वाक्य बोलले होते, "हा हात मोजणाऱ्याचा नाही, शिकवणाऱ्याचा आहे." मी तेव्हा दिवसभर नोटा मोजत होते हो! ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. गुरुजी गेले, मी नोकरी सोडली, आणि आता सहा जणं मागे लागलेत की ताई आम्हाला शिकवा.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे पूर्वी लोक विचारायचे लग्न कधी, बदली होईल का, परदेशयोग आहे का. आता पंचविशी-तिशीतली मुलं हात पुढे करतात आणि विचारतात, "माझं पर्पज काय? मी कशासाठी आहे?" एका क्लासवाल्यांनी तर मला प्रस्तावच दिलाय, तीन महिन्यांचा कोर्स, 'हस्तरेषांतून जीवनध्येय', माणशी अठरा हजार, निम्मे माझे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. गुरुजींना माझ्या हातात शिकवणं खरंच दिसलं होतं, की त्यांनी म्हटलं म्हणून मी तशी होत गेले? वीस वर्षं झाली, मला अजून सांगता येत नाही. आणि जे मला स्वतःबद्दल सांगता येत नाही ते मी दुसऱ्याला शिकवू कसं?

मनापासून विचारतेय, मनापासून लिहा.

वाशिष्ठी
ताई, शिकवा. विद्या अशीच पुढे जाते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पुरुषलक्षण आणि स्त्रीलक्षण असे स्वतंत्र अध्याय आहेत, म्हणजे दीड हजार वर्षं हे कोणी ना कोणी कोणाला तरी शिकवतच आलंय. आणि आमच्या कोकणाचा तर यात मोठा वाटा आहे. हात बघणारा किरो माहीत असेलच सगळ्यांना. मूळ नाव विल्यम जॉन वॉर्नर, १८६६ चा जन्म, आयर्लंडचा. तो तरुणपणी मुंबईला अपोलो बंदरावर उतरला, तिथे त्याला एक चित्पावन गुरू भेटले आणि ते त्याला कोकणातल्या आपल्या गावी घेऊन गेले, तिथे तो शिकला. पुढे लंडन-अमेरिकेत मार्क ट्वेनपासून ऑस्कर वाइल्डपर्यंत सगळ्यांनी त्याच्यापुढे हात धरले. आमचे आजोबा ही गोष्ट अशी सांगायचे की ते गाव शेजारचंच असावं.

पुराव्यानिशी
वाशिष्ठी, किरोची कोकणची गोष्ट ही किरोनेच सांगितलेली आहे. गुरूचं नाव नाही, गावाचं नाव नाही. तो स्वतःला काउंट हॅमन पण म्हणवून घ्यायचा. तेव्हा जरा जपून.

कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून सरळ लिहितो. शिकवू नका. पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींनी फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, सरमिसळ केली, आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या. कुठली पत्रिका कुठल्या गटातली एवढंच सांगायचं. २७ जणांची उत्तरं आली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आलं असतं. पत्रिका आणि हात वेगळे आहेत हे मान्य, पण हाताची अशी परीक्षा तरी कोणी दिलीय का? तुमच्या कपाटात शंभर ठसे आहेत म्हणता, त्या शंभर लोकांचं पुढे काय झालं ते तुम्ही नोंदवलंय का?

निवांत
आमच्याकडे हात पुढे केला की आजी आधी नखं कापलीत का ते बघायची, भविष्य नंतर. :)

कृष्णाकाठ
पुराव्यानिशी, शंभरपैकी एकतीस जणांचं पुढचं माहीत आहे, बाकीचे पांगले. नोंद एका ठिकाणी नाही, पण डोक्यात आहे. आणि डोक्यात ठेवलेल्या नोंदीत आपण बरोबर आलेलंच जास्त ठेवतो हे बँकेत काम केलेल्या बाईला कळतं. मुद्दा मान्य.

तिसरी_रेघ
मी या विषयावर सहसा लिहीत नाही पण आज लिहिते.

मी एकोणीस वर्षांची असताना एका नातेवाइकांकडे आलेल्या गृहस्थांनी माझा हात बघून सगळ्यांसमोर सांगितलं, विवाहरेषा तुटक आहे, पहिलं लग्न टिकणार नाही. जेवणाच्या पंक्तीत. त्यांनी सांगितलं आणि ते वाढलेला भात खायला लागले. माझ्या आईने ते वाक्य नऊ वर्षं उराशी धरलं. स्थळ आलं की तिच्या चेहऱ्यावर तेच. लग्न झालं, त्यानंतरही नवऱ्याशी साधं भांडण झालं तरी मी रात्री करंगळीखालच्या त्या रेषा बघत बसायचे, दिव्याखाली हात वाकडा करून. आमचं लग्न टिकलंय, सोळा वर्षं झाली. पण त्यातली पहिली पाच-सहा वर्षं मी त्या माणसाच्या वाक्याबरोबर संसार केला, नवऱ्याबरोबर कमी.

ताई, तुमच्या गुरुजींचं एक वाक्य तुम्हाला वीस वर्षं पुरलं. मलाही एक वाक्य पुरलं. शिकवणार असाल तर हे आधी शिकवा.

कृष्णाकाठ
तिसरी_रेघ, तुमचं वाचून उठले, पाणी प्यायले, परत येऊन वाचलं. उत्तर देण्यासारखं काही नाही माझ्याकडे. लिहिलंत याबद्दल आभार.

डॉ_गावठाण
मी ग्रामीण रुग्णालयात आहे, रोज साठ-सत्तर हात हातात घेतो, म्हणून दोन पैसे टाकतो.

हात खरंच बोलतो. तळव्याच्या घड्या फिकट पडल्या असतील तर रक्त कमी असल्याची शंका येते. बोटांची टोकं फुगीर होऊन नखं गोलसर झाली असतील तर फुप्फुस आणि हृदय तपासावं लागतं, हे हिपोक्रॅटिसच्या काळापासून माहीत आहे. तळवे कडेने लालभडक असतील तर यकृत आठवतं. मस्तकरेषा आणि हृदयरेषा मिळून आडवी एकच रेघ असेल, तर नवजात बाळात आम्ही डाऊन सिंड्रोमची बाकीची लक्षणं तपासतो. पण तीच एक रेघ पूर्ण निरोगी माणसांतही शंभरात दोन-चार जणांना असते, म्हणून त्या एका रेघेवरून कोणी निदान करत नाही. या घड्या आईच्या पोटात साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत पडलेल्या असतात, जन्माच्या कितीतरी आधी.

मला काय म्हणायचंय, की हातात जे दिसतं ते शरीराचं आहे. त्यात 'तू कशासाठी आहेस' हे कुठे लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. पण एक गोष्ट ताईंच्या बाजूने पण सांगतो. नाडी बघायला मनगट धरलं की पेशंट बोलायला लागतो. यंत्राने नाडी कळते आता, तरी मी मनगट धरतो.

आईची_धावपळ
अवांतर आहे पण राहवत नाही. मुलगा सातवीत असताना शाळेत एक टेस्ट आली होती, दहा बोटांचे ठसे घ्यायचे आणि मुलाची बुद्धी कुठल्या प्रकारची, त्याने काय व्हावं हे छापील रिपोर्टात सांगायचं. डीएमआयटी म्हणतात. चार हजार भरले. रिपोर्ट आला, रंगीत, चाळीस पानी, त्यात लिहिलेलं की गणितात गती कमी, कलेकडे वळवा. आम्ही खरंच वळवायला निघालो होतो. तो बिचारा म्हणायला लागला की आई माझ्या बोटातच गणित नाही. बारा वर्षांचा मुलगा! नववीत एक चांगले सर मिळाले आणि आता तो स्टॅटिस्टिक्स करतोय.

हे विज्ञान आहे म्हणून विकलं आम्हाला. ताई निदान विज्ञान म्हणत नाहीत.

डॉ_गावठाण
आईची_धावपळ, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने या डीएमआयटीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर सांगितलेलं आहे, शाळेला दाखवा. गोंधळ नावामुळे होतो, डीएमआयटीतला 'डी' म्हणजे डर्मॅटोग्लिफिक्स. डर्मॅटोग्लिफिक्स हा शब्द हॅरॉल्ड कमिन्स या शरीरशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये काढला, आणि तो अभ्यास खरा आहे, ठसे कसे तयार होतात, कुठल्या जनुकीय आजारात कसे बदलतात वगैरे. त्या नावाची पाटी लावून पुढे काहीही विकता येतं.

हडसनकाठचा
न्यू जर्सीहून लिहितोय. ताईंनी म्हटलेला 'पर्पज'वाला प्रकार इकडून आलाय असं मला वाटतं. इकडे रिचर्ड उंगर नावाचे एक हँड अ‍ॅनालिस्ट आहेत, त्यांनी बोटांच्या ठशांवरून जीवनध्येय सांगायची पद्धत बसवली. आपण शंख-चक्र म्हणतो ना, तसं दहाही बोटांवर कुठला नमुना आहे बघायचा, त्यांना चढता-उतरता क्रम द्यायचा, सगळ्यात वरच्या क्रमाची बोटं म्हणजे तुमचं ध्येय आणि सगळ्यात खालची म्हणजे तुम्हाला शिकायचा धडा. युक्तिवाद असा की तळव्यावरच्या रेषा आयुष्यात बदलू शकतात, ठसे बदलत नाहीत, मग जे बदलत नाही तेच मुळातलं.

मी २०२१ मध्ये नोकरी गेल्यावर एका बाईंकडून ऑनलाइन हे करून घेतलं, त्यांचं नाव घेत नाही. नव्वद मिनिटं. त्यांनी मला सांगितलं की माझा धडा 'स्वतःची किंमत मागणे' हा आहे. खरं सांगू, मी रडलो. त्या नव्वद मिनिटांत मला कोणी रेझ्युमे विचारला नाही. नंतर तेच वाक्य बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मी दहा वर्षं हेच सांगतेय, फुकट.

गमभन
"मी दहा वर्षं हेच सांगतेय, फुकट". वहिनींना नमस्कार सांगा!

मी सोलापूरजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मला 'जीवनध्येय' हा शब्दच परका वाटतो. आपल्याकडे म्हणतात 'त्याचा पिंडच तसा'. पिंड म्हणजे पुढे कुठेतरी जाऊन गाठायची गोष्ट नव्हे, माणूस आत्ता ज्याचा बनलाय ते. वर्गात पन्नास पोरं असली की चार महिन्यांत कोणाचा पिंड काय ते दिसतं. एक पोरगा सगळ्यांचे पेन दुरुस्त करून देतो, एक पोरगी भांडणं सोडवते. त्याला हात बघावा लागत नाही, पण बघावं मात्र लागतं.

आणि आमच्याकडे विडी वळणाऱ्या बायका खूप. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आया. रेशनच्या मशीनवर त्यांचं बोट उठत नाही, तीन-तीनदा पुसून लावतात. हडसनकाठचा, ठसे बदलत नाहीत म्हणालात ना. कामाने झिजतात हो. ज्या बाईने तीस वर्षं रोज हजार विड्या वळल्या तिचं ध्येय मग कुठल्या बोटावर वाचायचं?

वेल्डर_भोसरी
गमभन सर बरोबर. माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट आधारला लागत नाही. डोळ्यावर चालतं.

हडसनकाठचा
गमभन, याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्या बाईंकडेही नसावं.

पायवाट
मी उशिरा आलो धाग्यावर. माझे आजोबा कुडमुडे जोशी. पहाटे कुडमुडं, म्हणजे डमरूसारखं छोटं वाद्य, वाजवत गावात शिरायचं, दारोदार पंचांग सांगायचं, हात बघायचा, सुपातलं पीठ-दाणे घ्यायचे. आम्ही भटक्या जमातीत येतो. इथे वर शास्त्र, विज्ञान, विद्यापीठ सगळं आलं म्हणून आमचं शिकवणं कसं होतं ते सांगतो.

आजोबांनी माझ्या बापाला शिकवलं ते चालता चालता. वेशीवर थांबायचं. गावात यंदा पाणी किती, विहिरीवर गर्दी कशी. मग गल्ली. मग घर. दारात चपला किती, त्यात लहान किती. गोठ्यात दावं आहे पण जनावर नाही, म्हणजे विकलं, म्हणजे घरात आजारपण नाहीतर लग्न. बाई पाणी द्यायला आली तर तांब्या कसा धरते. हात सगळ्यात शेवटी. आजोबा म्हणायचे, हात हातात येईपर्यंत अर्धं वाचून झालेलं पाहिजे.

याला कोणी लबाडी म्हणेल. म्हणा. पण त्यांचा एक नियम होता, घरात रडू ठेवून निघायचं नाही. वाईट दिसलं तर त्याचा उपाय त्या घराच्या ऐपतीतला सांगायचा, शनिवारी मारुतीला तेल, नाहीतर माहेरी जाऊन ये चार दिवस. माहेरी जायला सासू सोडत नसेल तर जोशीबुवाने सांगितलं म्हणून सोडायची. कित्येक बाया आजोबांच्या जिवावर माहेरी गेल्या.

माझ्या बापाने कुडमुडं खाली ठेवलं, एसटीत लागला. मी इंजिनिअर. आम्हाला कोणी अठरा हजार दिले नाहीत कधी, लोक 'कुडमुड्या' हा शब्द शिवी म्हणून वापरतात. तेच आता तीन महिन्यांच्या कोर्सला सर्टिफिकेट देऊन विकतायत हे बघून छातीत काहीतरी होतं.

निवांत
पायवाट, धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

तिसरी_रेघ
"घरात रडू ठेवून निघायचं नाही." आमच्या पंक्तीत तुमचे आजोबा असायला हवे होते.

वाशिष्ठी
पायवाट यांच्या आजोबांना नमस्कार. पण सगळंच निरीक्षण म्हणून सोडून देऊ नका हो. भाग्यरेषा मस्तकरेषेला मिळते तिथे पस्तिशी धरतात, गुरूचा उंचवटा, शनीचा उंचवटा, शुक्राचा, प्रत्येकाचं स्वतःचं फळ आहे, रेषेत यव, म्हणजे जवाच्या दाण्यासारखी खूण, पडला तर काय, चौकोन आला तर काय, हे सगळं कोणी हवेतून आणलं नाही. आणि शिकवण्याचंच म्हणाल तर यूजीसीने २००१ मध्ये विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञान शिकवायला मान्यता दिली, विरोधक कोर्टात गेले, २००४ ला सुप्रीम कोर्टाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. अजून काय पाहिजे?

पुराव्यानिशी
कोर्टाने शिकवायला हरकत नाही म्हटलं, खरं आहे असं नाही म्हटलं. दोन्हींत फरक आहे.

ताई, मी एक सुचवतो, राग मानू नका. मी दहा जणांच्या दोन्ही हातांचे शाईचे ठसे घेतो, अगदी तुमच्या पद्धतीने, कापसाच्या गादीसकट. सगळे पन्नाशीच्या पुढचे, म्हणजे ज्यांचं आयुष्य कशात गेलं ते ठरलेलं आहे. सोबत दहा कामांची यादी देतो. कोणता हात कोणाचा ते तुम्ही जुळवा. जीवनध्येय हातात असेल तर तीस वर्षांचं काम तरी दिसायला हवं. काय ते इथेच लिहू, दोघंही.

कृष्णाकाठ
चालेल. पाठवा. वीस दिवस द्या मला, घाईत हात बघायची सवय नाही.

वाशिष्ठी
ताई, हे करू नका. समोर माणूस नसताना नुसता कागद बघून सांगणं हे शास्त्राला धरून नाही.

कृष्णाकाठ
वाशिष्ठी, गुरुजी नुसत्या कागदावरून सांगायचे. मुंबईहून पोस्टाने ठसे यायचे त्यांच्याकडे. मग मला टाळता येणार नाही.

पुराव्यानिशी
(तीन आठवड्यांनी) ताईंची उत्तरं परवा आली, यादी होती: कंडक्टर, भूलतज्ज्ञ, तबलावादक, ऊसशेती करणारे, गृहिणी, फौजदारी वकील, शिंपी, गणिताच्या शिक्षिका, हवालदार, देवळातले पुजारी. ताई, तुम्हीच लिहा, तुमचा मान आहे.

कृष्णाकाठ
दहातले दोन बरोबर आले. शेतकरी आणि तबलावादक.

आणि ते दोन कसे आले तेही सांगते. शेतकऱ्याच्या ठशात बारीक बारीक पांढऱ्या चिरा होत्या, कापल्याच्या, उसाच्या पाल्याने हात कापतो तशा. तबलावाल्यांच्या बोटांच्या टोकांना आणि कडेला कातडी जाड झालेली, शाई वेगळी बसली होती. म्हणजे मी रेषा वाचल्याच नाहीत. काम वाचलं. रेषांवरून जे आठ ठरवले ते आठही चुकले. गणिताच्या बाईंना मी वकील केलं, त्यांची करंगळीखालची, बुधाची बाजू बघून. पुजाऱ्यांना हवालदार. ज्या हातात मला स्वच्छ 'शिकवणाऱ्याचा हात' दिसला, अगदी माझ्या हातासारखा, तो कंडक्टरचा निघाला.

त्या रात्री झोप लागली नाही. वीस वर्षं आहेत हो यात.

पुराव्यानिशी
नुसत्या चिठ्ठ्या टाकून जुळवलं तरी सरासरी एक बरोबर येतो, आणि चारात एकदा तरी दोन किंवा जास्त येतात. तेव्हा दोन हा आकडा तसा काहीच सांगत नाही, आणि दहा हात हा नमुनाही छोटा आहे, हे वाशिष्ठींच्या बाजूने सांगायला हवं. पण ताईंनी शेतकरी आणि तबलजी कसे ओळखले हे स्वतःहून लिहिलं, विचारलं नसतं तर मला कळलंही नसतं. मी गेली बारा वर्षं या विषयावर वाद घालतोय, असं पहिल्यांदा झालंय.

गमभन
कंडक्टर शिकवणारा निघाला यात चूक काय? आमच्या गाडीचा कंडक्टर शाळेत जाणाऱ्या पोरांचे पाढे घ्यायचा.

पुराव्यानिशी
सर, हीच ती पळवाट. अशाने कुठलंच उत्तर चुकत नाही.

गमभन
तेही खरंच. मागे घेतो. पण पाढे खरंच घ्यायचा.

पायवाट
ताई, आजोबांनी तुम्हाला पास केलं असतं. चिरा बघितल्यात ना.

हडसनकाठचा
ताई, एक विचारू? तुमच्यासमोर बसलेले लोक 'अगदी बरोबर सांगितलंत' म्हणतात ते मग कुठून येतं?

कृष्णाकाठ
याच्यावरच आठ दिवस विचार करतेय, म्हणून उशीर झाला.

मी आधीच्या वह्या काढल्या. ठशाच्या मागे मी तेव्हा जे लिहिलंय त्यात रेषांचं दोन ओळी आणि बाकी सगळं माणसाचं. 'हात पुढे करताना डावा लपवला.' 'नवऱ्याकडे बघून मग बोलली.' 'अंगठा मुठीत.' कर्जविभागातही मी हेच करत होते, कागद बघायच्या आधी कर्ज मागणाऱ्याचा चेहरा वाचायचा. म्हणजे जे मला येतं ते येतं. ते फक्त रेषांमुळे येतं असं मी समजत होते. गुरुजींनाही माझ्या हातात काही दिसलं नसणार. गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या मी संध्याकाळी घ्यायचे, पायरीवर बसून, गुरुजींच्या खिडकीसमोर. ते त्यांनी रोज बघितलेलं होतं. हे मला आत्ता, वह्या चाळताना आठवलं. बघा, वीस वर्षं लागली.

राग नाही आला त्यांचा. उलट वाटलं की त्यांनी बघितलं होतं आणि मला पटेल अशा भाषेत सांगितलं. 'तू शिकवतेस छान' असं म्हणाले असते तर मी हसून सोडून दिलं असतं. हातात आहे म्हणाले म्हणून धरून बसले. पण तिसरी_रेघ यांच्या घरी आलेल्या गृहस्थांचं वाक्यही याच कारणाने चिकटलं, हे विसरता येत नाही.

क्लासवाल्यांना नाही कळवलं. जीवनध्येय नावाचं मी काही विकणार नाही.

त्या सहा जणांना शिकवणार आहे, घरीच, रविवारी. पैसे शाई-कागदाचे. पहिलं वर्ष गुरुजींसारखंच, नुसते ठसे आणि मागे नोंद. रेषांची नावं, उंचवटे, सगळं सांगेन, ते आपलं जुनं आहे आणि मला आवडतं, पण त्यावरून फळ सांगायला शिकवणार नाही. मरण, आजार, मूल होणं न होणं, लग्न मोडणं हे शब्द हात हातात असताना काढायचे नाहीत. आजार दिसला तर डॉक्टरांनी वर लिहिलंय तेवढं बघायचं आणि दवाखान्यात पाठवायचं. आणि पहिल्या रविवारी हे दहा ठसे त्यांच्यापुढे ठेवून आठ चुकले ते सांगणार.

वाशिष्ठी
फळ सांगायचं नाही तर मग शिकवायचं काय उरलं? वाईट वाटलं वाचून. तुम्ही हार मानली एका कागदाच्या खेळात. तरी तुमचा निर्णय, शुभेच्छा आहेतच.

पुराव्यानिशी
मला उलट बाजूने प्रश्न आहे. रेषांत काही नाही हे तुम्हालाच दिसलं, तर मग हात कशाला? सरळ समुपदेशन शिका, ते शिकवा. शिकलेल्या लोकांची गरज आहेच.

कृष्णाकाठ
समुपदेशनाच्या कोर्सला नाव घातलंय, जुलैत सुरू होतोय. पण आमच्या गल्लीत 'ये, बस, बोल' म्हटलं की कोणी बोलत नाही. परवा शेजारच्या सूनबाई आल्या, हात पुढे केला, मी अंगठ्यापासून सुरुवात करते नेहमी, चार मिनिटं मी काहीच बोलले नाही, आणि त्याच सगळं बोलल्या. हात माझ्या हातात होता तोवरच बोलल्या. सोडला की पदर सारखा करून "येते हं काकू".

वाशिष्ठी, तुमचा राग समजतो. एखाद्या रविवारी सांगलीला या, वह्या बघा.

डॉ_गावठाण
ताई, नखांचे आणि तळव्यांचे काही फोटो आहेत माझ्याकडे शिकवण्यासाठी, पेशंटची ओळख काढून टाकलेले. पाठवतो. आणि फिकट तळवे दिसले तर एचबी, म्हणजे हिमोग्लोबिनची तपासणी, करायला सांगा, सरकारी दवाखान्यात होतं.

आईची_धावपळ
मुलाला धागा दाखवला. तो म्हणतोय दहाऐवजी चाळीस हात घ्या, तो गणित करून देईल.

पुराव्यानिशी
त्याला सांगा मी ठसे गोळा करतो. माझ्या आईचा हात आधीच राहिलाय, ती महिनाभर विचारतेय की सांगलीच्या बाईंनी माझं काय सांगितलं.

वेल्डर_भोसरी
ताई मी रविवारी सांगलीला सासरवाडीला येतोय. माझ्या हातावर ठसा उठेल का माहीत नाही. चालेल का?

कृष्णाकाठ
चालेल. चार नंतर या. शाई जास्त लावू, आणि नाही उठला तर नुसतं बसू. चहा कसा घेता, कमी साखरेचा की नेहमीचा?